बुक्का, चिंगी आणि पार्किंगमधली खुर्ची

हे प्रकरण ज्या घरातलं आहे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. माणसांची आणि कुत्र्यांचीही नावं बदलली आहेत, घर ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. कुत्र्यांच्या वागणुकीच्या तक्रारी घेऊन मी पुण्यात घरोघरी जाते. जोडीने आणलेली पिल्लं हा त्यातला सगळ्यात फसवा प्रकार, कारण पहिले चार-पाच महिने सगळं झकास चाललंय असंच वाटत असतं.

पार्श्वभूमी

पौड रस्त्याच्या बाजूची एक सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात मानसी आणि निखिल, दोघंही नोकरीवाले. अकरा वर्षांची रेवा. आणि निखिलची आई, ज्यांना सगळी बिल्डिंग आजी म्हणते. मार्चच्या मध्यावर शेजारच्या बांधकामावरची कुत्री टेम्पोखाली गेली. तिची पिल्लं वॉचमनने सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर ठेवली होती. पाचांतलं एक हगवण लागून गेलं, दोन कुणी कुणी नेली, दोन उरली. "एकालाच कसं आणायचं, दुसरं रडेल ना," म्हणून रेवाने दोन्ही उचलून आणली. काळ्या नराकडे बघून आजी म्हणाल्या, "हा तर बुक्काच." बदामी मादीचं नाव चिंगी पडलं.

वय साधारण सात आठवडे. व्हेटने जंताचं औषध दिलं, लसीचा पहिला डोस दिला आणि बजावलं, की सगळे डोस होईपर्यंत यांना खाली जमिनीवर सोडायचं नाही. कारण पार्वो, पिल्लांचा जीव घेणारी हगवण. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते. ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं, म्हणून डोस सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. सल्ला बरोबरच होता. घरी येईपर्यंत मात्र 'जमिनीवर सोडू नका'चं 'दाराबाहेर काढू नका' झालं.

इथेच पहिला निर्णय झाला, आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून बघितली आणि १९६५ साली निष्कर्ष मांडले. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याच्या लेखी 'आपल्यातलं' होतं. त्यानंतर भेटणारी प्रत्येक गोष्ट आधी परकी असते. लस पूर्ण होते सोळाव्या आठवड्यात, जग ओळखीचं करून घेण्याची ही खिडकी मिटायला लागते बाराव्यात. म्हणून आता कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणारे व्हेट सांगतात, की पहिला डोस होऊन आठवडा गेला की पिल्लाला जग दाखवायला लागा, फक्त रस्त्यावरच्या मातीशी आणि अनोळखी कुत्र्यांशी संबंध येऊ देऊ नका. झोळीत घालून भाजीबाजाराच्या कडेने फिरवा, गाडीत बसवून सिग्नल दाखवा, लसी झालेला एखादा शांत कुत्रा असेल त्या घरी न्या. यातलं काहीच झालं नाही. मार्चचा मध्य ते मेचा शेवट, बुक्का आणि चिंगीचं जग म्हणजे दोन खोल्या, एक बाल्कनी आणि एकमेकं.

मेअखेर पहिल्यांदा दोघांना खाली उतरवलं. त्या दिवसाचा व्हिडिओ मी बघितला आहे. चिंगी पुढे, शेपटी वर, दिसेल ते हुंगत. बुक्का तिच्या खांद्याला खांदा चिकटवून. चिंगी थांबली की थांबायचा, वळली की वळायचा. व्हिडिओत मागून मानसीचा आवाज ऐकू येतो, "बघा कसे शहाण्यासारखे चालतायत दोघं." मला विचाराल तर त्या व्हिडिओत एकच कुत्रा फिरायला आलेला आहे. दुसरा त्याला धरून आहे.

टेकडीवरची सकाळ

जूनमध्ये टेकडी सुरू झाली. वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी अर्धं कोथरूड असतं, बऱ्याच जणांची कुत्री मोकळी असतात, आणि पहिल्या पावसानंतर तिथला वास माणसालाही वेड लावतो, कुत्र्यांचं काय सांगावं. दोन-तीन रविवार छान गेल्यावर निखिलने चिंगीची दोरी सोडायला सुरुवात केली. ती हाक मारली की यायची. यायची, कारण तोवर तिला हाकेपेक्षा मोठं काही भेटलंच नव्हतं.

जुलैच्या पहिल्या रविवारी ते भेटलं. वाटेच्या डाव्या हाताला झुडपातून मोर उठला आणि चिंगी त्याच्यामागे गेली. (मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुत्र्याने तो धरला असता तर प्रकरण माझ्याकडे न येता वनखात्याकडे गेलं असतं. टेकडीवर कुत्री मोकळी सोडणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.) निखिल हाका मारत चार पावलं पुढे गेला. बुक्का त्याच्या हातातल्या दोरीला होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्या बाजूला चिंगी नव्हती, आणि नेमकी त्याच वेळी टेकडीवरची तीन कुत्री वळणावरून खाली आली.

ती काही चावायला आली नव्हती. येऊन थांबली, मान ताठ करून बघायला लागली. बुक्का मागे सरकला. इथे एक साधी यांत्रिक गोष्ट आहे. कुत्रा पुढे ओढतो तेव्हा गळपट्टा मानेत रुततो. मागे सरकतो तेव्हा तोच पट्टा कानांवरून निसटतो, कारण आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचं डोकं मानेच्या मानाने निमुळतं असतं. निखिलच्या हातात दोरी आणि पट्टा राहिला. बुक्का उताराने दिसेनासा झाला.

चिंगी दहा मिनिटांत जीभ बाहेर काढून परत आली. बुक्का दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

मधल्या बावीस तासांत तीस-चाळीस माणसं टेकडीचा तो सगळा उतार मोठमोठ्याने हाका मारत फिरली. तो होता टेकडीच्या पायथ्याला, पाण्याच्या लाइनीसाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या पाइपात. निसटला तिथून चारशे मीटरही नाही. शोधणारे त्या पाइपांवरून दोनदा गेले होते. घाबरलेला कुत्रा ओळखीच्या आवाजालाही बाहेर येत नाही, गर्दी जितकी ओरडते तितका तो आत सरकतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळी फिरायला आलेल्या एका काकांना कान दिसले. त्यांनी फोटोवरून ओळखून फोन केला आणि मोठं शहाणपण म्हणजे स्वतः पकडायला गेले नाहीत. रेवा चिखलात पाइपाकडे पाठ करून बसली आणि ग्लुकोज बिस्किटाचा पुडा उघडला. त्या कागदाचा चुरचुर आवाज त्याच्या ओळखीचा होता. पोटावर सरपटत तो तिच्या कमरेपर्यंत आला आणि तिथेच मुतला.

माझ्यापर्यंत आलेली अडचण

मला फोन आला आठ दिवसांनी. तक्रारी दोन होत्या. बुक्का लिफ्टच्या दारापुढे जात नाही; खाली नेलाच तर गेटपाशी आडवा पडतो. आणि चिंगी, जी कुणालाही हुंगायला जायची, ती आता लांबून कुत्रा दिसला की दोरी ताणून भुंकते. एक तोडगा घरच्यांनी स्वतःच काढला होता: चिंगी बरोबर असली तर बुक्का थोडं चालतो, म्हणून दोघांना कायम बरोबरच न्यायचं.

मी पहिल्या भेटीत एकच गोष्ट करून बघितली. चिंगीला घेऊन रेवा आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून बुक्कापुढे उकडलेलं चिकन धरलं. त्याच्याच घरात, त्याच्याच सतरंजीवर. त्याने चिकनकडे बघितलंही नाही. दाराच्या फटीला नाक लावलं, तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली, उजवा पंजा जमिनीपासून इंचभर वर उचललेला तसाच राहिला. मी घड्याळ लावलं होतं, पण दोन मिनिटांनी दार उघडायला सांगितलं. आणखी बघण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे टेकडीचा धक्का हा वरचा थर. खाली जुनी गोष्ट होती: या कुत्र्याला एकटं असणं कधी शिकवलंच नव्हतं. सख्ख्या भावंडांना एकत्र वाढवलं की असं होतं, असं आमच्या क्षेत्रात सर्रास म्हणतात, त्याला एक भारदस्त इंग्रजी नावही आहे. मी ते नाव वापरत नाही. तो काही आजार नाही. दोन पिल्लं आणली की माणसं दोन्हींची कामं एकत्र उरकतात. घोळ त्या उरकण्यात आहे, त्यांच्या रक्तात नाही.

पर्याय आणि घासाघीस

आमच्यापुढे चार वाटा होत्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही त्या दीड तास घोळल्या.

पहिली, आहे तसंच चालू ठेवायचं, दोघांना बरोबर न्यायचं. घरच्यांचा कल इकडे होता. सोपं होतं, बुक्का निदान शी-शूला खाली तरी उतरत होता. पण चिंगी आजारी पडली, तिला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, तर? मी हे उगाच भीती घालायला म्हटलं होतं. महिन्याभरात खरं झालं.

दुसरी, एकाला दुसरं घर बघायचं. एका प्रशिक्षकाने त्यांना फोनवर तसं सांगितलंही होतं. हा सल्ला कधीकधी योग्य असतो, विशेषतः दोघांत रक्त निघेपर्यंत भांडणं होत असतील तेव्हा. इथे तसं काही नव्हतं, आणि त्या अवस्थेतला बुक्का अनोळखी घरात गेला असता तर पुन्हा पाइपातच जाऊन बसला असता.

तिसरी, व्हेटकडून भीती कमी करणारं रोजचं औषध. मी याच्या विरोधात नाही. त्यांच्या व्हेटचं म्हणणं पडलं, की सहा आठवडे शिकवून बघू, घास घेण्यात फरक दिसला नाही तर सुरू करू. मला ते पटलं.

चौथी, दोघांचं फिरणं वेगळं करायचं. ऐकायला सोपं. निखिलने लगेच बोटं मोजली: दोन कुत्री, दिवसातून दोन वेळा, म्हणजे चार फेऱ्या, आणि माणसं दोन. रेवाला एकटीने कुत्रा घेऊन रस्त्यावर पाठवणं बरोबर नव्हतं, आजींचे गुडघे जिना उतरू देत नव्हते. "ताई, तुम्ही म्हणताय ते सगळं खरं, पण आठ चाळीसची कंपनीची बस असते माझी," मानसी म्हणाली. त्या वाक्याला उत्तर नसेल तर माझ्या बाकीच्या ज्ञानाला काडीची किंमत नव्हती.

उत्तर आजींनी दिलं. "मला लिफ्टने खाली सोडा. खुर्ची द्या. मी बसते ह्याला घेऊन."

काय केलं

अशी सुरू झाली पार्किंगमधली खुर्ची. रोज दुपारी साडेचारला मोलकरीण कामाला आली की ती आजींना आणि बुक्काला लिफ्टने खाली आणायची. लिफ्टशी त्याची सोबत आधी चार दिवस नुसत्या उघड्या दारात चिकनचे तुकडे टाकून जमवली होती. आजी पार्किंगच्या कोपऱ्यात, पाठीमागे भिंत येईल अशा जागी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. बुक्काच्या अंगावर छातीवरून जाणारा हार्नेस आणि शिवाय पट्टा, दोन्ही एकाच दोरीला, दोरीचं टोक खांबाला बांधलेलं. म्हणजे त्याने झटका दिला तरी आजी ओढल्या जाणार नाहीत. आजींच्या मांडीवर ताट. कधी मेथी निवडायच्या, कधी शेंगा सोलायच्या. चिंगी वर, रेवाबरोबर.

त्यांना मी एकच काम दिलं होतं. काही नवीन समोर आलं, गॅसवाला, सायकलवरची पोरं, रिव्हर्स घेणारी गाडी, की एक तुकडा त्याच्यासमोर धरायचा आणि त्याने तो कसा घेतला ते सांगायचं. घेतला की नाही एवढंच नव्हे, कसा घेतला. हे मोजमाप मला फार भरवशाचं वाटतं. निवांत कुत्रा घास ओठांनी उचलतो. ताणात असलेला कुत्रा तोच घास दातांनी ओरबाडतो, बोटाला दात लागतात. त्याहून घाबरला की घेतच नाही. आजींनी याची स्वतःची भाषा केली: "आज सिलिंडरला बोट खाल्लं. दूधवाल्याला गोड घेतलं." रेवा हे वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात सगळीकडे 'बोट' आणि 'नाही'. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी 'गोड' निम्म्याहून जास्त.

हे 'फिरणं' आहे असं निखिलला वाटेना. कुत्रा चालत नाही, धावत नाही, एका जागी बसून आहे. मला तर हीच त्या सगळ्या वर्षातली सर्वात चांगली सहल वाटते. मार्च ते मे जे झोळीत बसून बघायचं राहिलं होतं, ते तो जुलैत खुर्चीशेजारी बसून बघत होता. हुकलेली खिडकी परत मिळत नाही. तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने शिकवता येते, फक्त दसपट वेळ लागतो.

चिंगीचं काम वेगळं होतं. तिला सकाळी मानसी सहा वाजता एकटीला न्यायची, पाच मीटरच्या लांब दोरीवर, हार्नेसला बांधून. लांबून कुत्रा दिसला आणि ती नुसती बघते आहे, अजून भुंकली नाही, त्या क्षणी खाऊ. भुंकली म्हणजे आपण फार जवळ आलो, वळून लांब जायचं. रागवायचं नाही. तिची प्रगती पटापट झाली आणि त्यामुळे तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, हे तिच्यावर अन्यायच आहे.

एकत्र फेरी दिवसातून एकच, रात्री, दोघांना दोन माणसं असतील तेव्हा.

पुढे ढोल. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पथकांचे सराव संध्याकाळी नदीकाठी जोरात असतात, आणि गणपतीत तो आवाज दारात येणार हे माहीत होतं. आम्ही बुक्काला गाडीत बसवून, काचा वर करून, ढोल जेमतेम ऐकू येईल इतक्या लांब नेऊन थांबायला लागलो. दहा मिनिटं, सहा-सात तुकडे, परत घरी. सहा दिवसांत काचा अर्ध्या खाली आल्या आणि घास 'गोड' होता. सातव्या दिवशी मी नव्हते. निखिलला वाटलं, इतकं छान चाललंय तर आज थोडं पुढे जाऊ. त्याने गाडी सरावाच्या फाटकापाशी लावली. तेव्हा तिथे शांत होतं. मग पन्नास-साठ ढोल एकदम सुरू झाले. बुक्का सीटखाली गेला आणि घरी आल्यावरही निघेना. त्याला सीटसकट उचलायची वेळ आली होती. त्या एका संध्याकाळीने दोन आठवडे खाल्ले, आणि वहीत पुन्हा 'नाही' सुरू झालं.

निखिलने मला त्याच रात्री स्वतःहून फोन करून सांगितलं. बरेच लोक सांगत नाहीत.

मध्येच आलेला ताप, आणि माझी चूक

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात चिंगीने खाणं सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. रक्ततपासणीत प्लेटलेट फार खाली गेलेल्या, निदान गोचीडतापाचं. आपल्याकडे एर्लिकिया नावाचा जिवाणू हे त्याचं नेहमीचं कारण, आणि तो पसरवणारी तपकिरी गोचीड घराच्या फटींतही मजेत राहते. चार दिवस सलाइन, अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन.

यात माझा वाटा आहे. मीच सांगितलं होतं, की चिंगीला सकाळी लांब दोरीवर गवतात भरपूर हुंगू द्या, नाकाचं काम कुत्र्याला शांत करतं. ते खरं आहे. पण पावसाळ्यात पुण्यातल्या गवतात कुत्रा घालायला सांगताना गोचिडीची गोळी कधी दिली होती हा प्रश्न मी विचारलाच नाही. शेवटची एप्रिलमध्ये दिली होती, आणि तिचा असर महिनाभराचा. आता माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर हा प्रश्न सर्वांत वर आहे. त्याच्या खाली लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचा, कारण उंदरांचं मूत मिसळलेली डबकी आणि पावसातली कुत्री हा धोका माणसांपर्यंत येतो.

चिंगीच्या नसबंदीचा बेत प्लेटलेट सावरेपर्यंत पुढे ढकलावा लागला. तोवर बुक्काची करून घ्यायची की नाही, यावर व्हेटचं आणि माझं जमलं नाही. भित्र्या नराची मी थोडं थांबून करावी या मताची. ते म्हणाले, "दोन बेडरूमच्या घरात सख्खी बहीण माजावर येणार आहे, तुम्ही कशासाठी थांबताय?" ते बरोबर होते.

आणि ते चार दिवस, जेव्हा चिंगी दवाखान्यात होती? बुक्का पहिल्या रात्री दाराशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी साडेचारला आजींची खुर्ची निघाली तेव्हा उठून लिफ्टपाशी गेला. वहीत त्या दिवशी: स्कूटर 'बोट', कुरियर 'बोट', मांजर 'गोड'. जुलैत दोन मिनिटं न टिकलेला कुत्रा.

गणपतीत विसर्जनाच्या दिवशी दोघांना घरातच ठेवलं. दिवाळीला शिकवण्यावर भरवसा न ठेवता व्हेटने दिलेली गोळी फटाके सुरू होण्याआधी, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही मोठ्याने, संध्याकाळी सहानंतर खाली जाणं बंद. यात शिकण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं.

कोकण

जानेवारीत दापोलीजवळ मानसीच्या मावशीकडे जायचं ठरलं, चार दिवस. दोघांना ठेवून जायचं, की एकाला न्यायचं, की दोघांना? चिंगीला एकटीला न्यावं असं मीच सुचवलं होतं. बुक्काला आजींबरोबर घरी ठेवता आलं असतं. पण आजींनाही यायचं होतं, मावशी त्यांच्या जुन्या मैत्रीण. मग दोघं.

अडचण वेगळीच निघाली. गाडी लागायची चिंगीला. बुक्का ढोलाच्या निमित्ताने गाडीत वीसेकदा बसला होता, चिंगी दवाखान्यापुरती. डिसेंबरभर तिची तयारी झाली: उभ्या गाडीत जेवण, मग इंजिन सुरू करून, मग चांदणी चौकापर्यंत. तरी ताम्हिणीच्या वळणांवर ती दोनदा ओकली. निघण्याआधी चार-पाच तास काही खायला दिलं नव्हतं, म्हणून पिवळं पाणीच. माणगावला थांबून दोघांना वेगवेगळं उतरवलं, मग मंडणगडमार्गे संध्याकाळी पोहोचले.

किनाऱ्यावर दोरी सोडायची नाही हे आधीच ठरलं होतं, आणि कारण फक्त टेकडी नव्हतं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात; वेळास, आंजर्ले ही नावं त्यामुळेच माहीत झाली. वाळूखालचं घरटं उकरणाऱ्यांत कोल्ह्यांबरोबर कुत्रीही असतात. मोकळ्या गावठी कुत्र्याला ते नाकाने सापडायला वेळ लागत नाही.

पहिल्या संध्याकाळी बुक्का सुरूच्या बनाच्या कडेला थांबला. पुढे वाळू, मग पाणी. लाटेचा आवाज दर वेळी वेगळा येत होता, कान एकेक करून फिरत होते. जुलैतला निखिल दोरी ओढत "चल रे, काही होत नाही" म्हणाला असता. या निखिलने तिथेच सुरूच्या सुयांवर बसकण मारली आणि तुकडा पुढे केला. 'बोट.' वीस मिनिटं बसून दोघं परत आले. चिंगी तोवर मानसीबरोबर पाण्यात गुडघाभर जाऊन, खारं पाणी पिऊन आली होती, आणि त्याचं बिल रात्री अंगणात चुकतं केलं.

दुसऱ्या सकाळी ओहोटीला बुक्का ओल्या वाळूपर्यंत गेला. खेकड्याच्या बिळात नाक घातलं, शिंकला, पुन्हा घातलं. चिंगी घरी होती. किनाऱ्यावरची दोन कुत्री लांबून जाताना दिसली. तो उठला, त्यांच्याकडे बघितलं, मग निखिलच्या हाताकडे. तुकडा ओठांनी घेतला. निखिलने तिथूनच मला फोटो पाठवला, त्यात कुत्रा जेमतेम अर्धा आहे.

आत्ता कुठे आहे

बुक्का सव्वा वर्षाचा आहे. सोसायटी, समोरची गल्ली, बागेच्या बाहेरचा फुटपाथ इथे एकटा फिरतो. रिक्षा स्टँडवरून जात नाही. टेकडीवर अजून नेलेला नाही. चिंगी टेकडीवर जाते, लांब दोरीवर, मोर दिसला की दात वाजवते आणि मानसीकडे बघते. दोघांची एकत्र फेरी आजही रात्रीचीच.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी मार्च ते मे. एक झोळी आणि रोजची पंधरा मिनिटं, एकेका पिल्लाला वेगळं. हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं. लसीच्या कार्डावर एक ओळ असती तरी पुरलं असतं.

टेकडीवर दोरी सोडण्याबद्दल माझं मत निखिलला आवडत नाही. हाक मारल्यावर कुत्रा मोकळ्या मैदानात शंभरदा आला, याचा अर्थ मोर उठल्यावर येईल असा होत नाही.

सातव्या दिवसाची ढोलाची चूक मी निखिलच्या पदरात टाकत नाही. मी 'लांब थांबा' म्हटलं होतं, पण कुठे ते दाखवून दिलं नव्हतं. आता मी रस्त्यावर खुणा ठरवून देते: आज या औषधाच्या दुकानापर्यंत, चार दिवस 'गोड' आलं तरच पुढच्या वडाच्या झाडापर्यंत.

आणि चिंगी. सगळ्यांचं लक्ष भित्र्याकडे होतं. ती धीट, म्हणून तिला गाडीची सवय लावायची राहिली, म्हणून तिच्या गोचिडींकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही. वहीत तिच्या नावाचं पान नव्हतंच. रेवाने ते फेब्रुवारीत सुरू केलं. पहिली नोंद: 'चिंगी, एस. टी. स्टँड, बोट.'